मन शांत राहावं म्हणून भत्ता सोडून देऊ का?

एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. सगळं छापता येणार नाही, म्हणून ओळख पटेल असं काढून टाकून थोडक्यात देते:

"मिस्टरांची पाठ कामावर असताना दुखावली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. नोकरी गेली. तेव्हापासून सरकारी भत्ता आणि माझं अर्धवेळ काम यावर घर चालतं. मोठा मुलगा बारा वर्षांचा, धाकटी सात. भत्ता येतो पण जिवाला घोर लागलेला असतो. फेरतपासणीचं पत्र परत आलंय, आठ दिवस झाले मी ते पाकीट उघडलेलं नाही. मागे दीर चारचौघात म्हणाले, तुमचं बरं आहे, बसून मिळतंय. तेव्हापासून मिस्टर फारसे बोलत नाहीत, एकदा म्हणाले मी नसतो तर तुमचे हाल कमी झाले असते. परवा मोठ्याच्या दप्तरात तळाशी शाळेच्या सहलीचा कागद घडी करून लपवलेला सापडला, विचारलं तर म्हणे मला जायचंच नाहीये. मला वाटतं हा भत्ताच नको, मी अजून एक काम धरते, निदान मन तरी शांत राहील. सोडू का?"

ताई,

आधी उत्तर देते, मग सविस्तर बोलू. भत्ता सोडू नका. मनाच्या शांतीसाठी तर अजिबात नको, का ते सांगतेच.

पण त्याच्याही आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "मी नसतो तर तुमचे हाल कमी झाले असते." दिरांचं बोलणं आणि सहलीचा कागद यांच्या मध्ये तुम्ही हे पटकन लिहिलंत आणि पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. असं वाक्य माणूस वैतागून बोलून जातो, आणि कधी कधी तेच खरोखर मनात घोळत असतं म्हणूनही बोलतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं, विचारल्याशिवाय कळत नाही. तर विचारा. आजच, मुलं झोपली की शेजारी बसा आणि आडवळणं न घेता विचारा की तुम्ही त्या दिवशी असं म्हणालात, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते, पण तसं होत नाही, उलट कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असली तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. पाठीच्या गोळ्या घरात असतीलच, त्या तुमच्या ताब्यात ठेवा. आणि नाही म्हणाले तरीसुद्धा या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, पाठीसाठी नाही, मनासाठी. दोन वर्षं दुखणं अंगावर, काम गेलेलं, बोलणं बंद, हे डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, ते लागूही पडतात. यासाठी भत्त्याचा निकाल लागायची वाट बघू नका.

आता तुमचा प्रश्न.

तुमचा हिशोब असा दिसतोय की भत्ता सुरू झाल्यापासून मनाची शांती गेली, म्हणजे भत्ता हेच अशांतीचं कारण. मला पत्र वाचून तसं नाही वाटलं. तुमच्या घरात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच तारखेला, एकाच अकाउंटला येतायत. एक म्हणजे पैसे. दुसरी म्हणजे ते कधीही बंद होतील ही धास्ती आणि ते घेतोय याची लाज. दोन्ही एकत्र येतात म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. भत्ता सोडलात तर पैसे नक्की जातील, धास्ती आणि लाज जातील याची कुणी गॅरंटी देणार नाही, मला तर वाटतं त्या वाढतील.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. माझे वडील मी लहान असताना गेले, आणि आईला काही वर्षं दर महिन्याला सरकारी मदत मिळायची, तुटपुंजीच. आई ऑफिसला जायच्या आदल्या रात्री आरशासमोर उभी राहून उत्तरं पाठ करायची, मी पांघरुणातून बघायचे, "नाही साहेब, दुसरं उत्पन्न नाही", "नाही साहेब, माहेरून काही येत नाही", प्रत्येक वाक्य दोनदोनदा, आवाज कुठे कापतोय ते बघत. हे एक. आणि दुसरं मला फार उशिरा, स्वतःला मुलं झाल्यावर लक्षात आलं, ते असं की ज्या आठवड्यात पैसे यायचे त्या आठवड्यात आई आमचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची. बाकीच्या दिवसांत आम्ही काही सांगायला लागलो की ती हं हं करायची, नजर दुसरीकडे, बोटांवर काहीतरी मोजत असायची. पैसे आले की दोनचार दिवस मोजणं थांबायचं आणि मग शाळेतली भांडणं, कोण काय म्हणालं, सगळं ऐकून घ्यायची, मधेच प्रश्नही विचारायची. आई तीच होती, डोकं जरा रिकामं झालेलं असायचं इतकंच.

त्या रिकाम्या डोक्याचा अभ्यासही झालाय. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात, म्हणजे तोच शेतकरी कापणीआधी कडकीत असतो आणि कापणीनंतर त्यामानाने सुखात. संशोधकांनी त्याच माणसांना दोन्ही वेळी बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या, तर कडकीच्या दिवसांत त्यांचे निकाल खाली आले आणि पैसे आल्यावर वर गेले. म्हणजे माणूस तोच, अक्कल तीच, फक्त पैशाची चिंता डोक्यातली जागा खाऊन बसलेली. तुम्ही लिहिलंय ना, "मी हल्ली साध्यासाध्या गोष्टी विसरते, मुलांवर विनाकारण खेकसते, मी वाईट आई झालेय". नाही झालात ताई. तुमचं डोकं दिवसभर हिशोब करतंय, आणि हिशोब करताना कुणी मधे बोललं की कुणीही खेकसतं.

मुलांच्या बाबतीत तर याहून सरळ गोष्ट आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डोंगराळ भागातल्या 1,420 मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास 1993 पासून चालू होता. त्यातली साधारण पाव मुलं चेरोकी या मूळनिवासी समाजाची होती. अभ्यास चालू असतानाच त्यांच्या भागात कॅसिनो उघडला आणि नफ्यातला वाटा त्या समाजातल्या प्रत्येकाला मिळायला लागला, फॉर्म नाही, तपासणी नाही, अट नाही. कॅसिनो चांगला की वाईट हा विषय वेगळा, पण संशोधकांना हे आयतंच बघायला मिळालं की काहीही वेगळं न करता गरीब घरात पैसे आले तर मुलांचं काय होतं. 2003 मध्ये जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. जी कुटुंबं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांमधलं चिडणं, भांडणं, उलटून बोलणं, असले त्रास कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आले. चिंता आणि उदासी मात्र तेव्हा फारशी कमी झाली नव्हती, हेही सांगायला हवं, पैशाने सगळंच सुटतं असं मला म्हणायचं नाहीये. पण हा फरक पडला कशाने? तर मोठं कारण असं सापडलं की आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळायला लागला. मला हे वाचून आईची मोजणारी बोटंच आठवली.

म्हणून तुमच्या दुसऱ्या नोकरीच्या विचाराला माझा विरोध आहे. कामाला नाही हो, काम तुम्ही आत्ताही करताच. पण भत्ता सोडून त्याच्या जागी अजून एक नोकरी म्हणजे तुम्ही सकाळी एका दाराने बाहेर, संध्याकाळी घरी येऊन परत बाहेर, आणि घरात कोण, तर दिवसभर कुढत बसलेला नवरा आणि कागद लपवणारा मुलगा. आगीतून फुफाट्यात. खरंच जास्त तास काम करावंसं वाटत असेल तर आधी नियम विचारून घ्या की कमाई वाढली की भत्ता किती कापला जातो. बऱ्याच देशांत तो हळूहळू कापतात, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्याच्या कमाईतल्या प्रत्येक पौंडामागे 55 पेन्स, म्हणजे निम्म्याहून जास्त, भत्त्यातून जातात, काहींना सुरुवातीची थोडी कमाई त्यातून माफ असते. काही ठिकाणी मात्र एक मर्यादा ओलांडली की भत्ता एकदम बंद होतो, तिथे चार तास जास्त राबून हातात कमी पैसे येतात असंही होतं. आपलं नेमकं कुठलं आहे ते लेखी विचारा, आणि वाढलेली कमाई कळवायची राहू देऊ नका, पुढे वसुली निघाली तर ती फार जड जाते.

आता ती लाज.

दिरांचं बोलणं तुम्हाला आणि मिस्टरांना किती लागलंय ते दिसतंय. पण ती लाज एकट्या तुमच्या घरची नाही. काही वर्षांपूर्वी ब्रिटन, नॉर्वे, भारत, पाकिस्तान, चीन, दक्षिण कोरिया आणि युगांडा अशा सात देशांत गरीब लोकांशी बोलून एक अभ्यास झाला होता. आता नॉर्वेचा गरीब आणि युगांडाचा गरीब यांच्या राहणीत जमीनअस्मानाचा फरक, पण लाज सगळीकडे सारखी सापडली. तोंड लपवणं, लोकांत जाणं टाळणं, सगळं ठीक आहे असं दाखवणं, आणि आतल्या आत स्वतःलाच दोष देत राहणं. इतक्या वेगळ्या ठिकाणच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना जर तेच वाटत असेल तर तो तुमच्या स्वभावातला दोष कसा असेल? मदत घेणाऱ्याकडे जग ज्या नजरेने बघतं ती नजरच आपण गिळलेली असते. मिंधेपणा म्हणतो ना आपण, तो घेणाऱ्याच्या अंगात जन्मतः नसतो, बोलणाऱ्यांनी घातलेला असतो.

"बसून मिळतंय" हे म्हणणं खरं आहे का, तेही बघू, कारण मिस्टरांच्या डोक्यात ते वाक्य रोज वाजत असणार. फिनलंडने 2017 आणि 2018 अशी दोन वर्षं 2,000 बेरोजगार माणसांना दर महिन्याला 560 युरो दिले, नोकरी शोधा अशी अट नाही आणि नोकरी लागली तरी पैसे चालूच. लोकांना वाटलं होतं की आता ही माणसं पाय पसरून बसतील. झालं असं की दुसऱ्या वर्षी त्यांनी बाकीच्या बेरोजगारांपेक्षा सरासरी सहा दिवस जास्तच काम केलं, फार मोठा फरक नाही, पण आळशी झाले नाहीत हे नक्की, आणि मनावरचा ताण कमी, आयुष्याबद्दल समाधान जास्त. दुसरा नेहमीचा आरोप म्हणजे असले पैसे दारू-सिगारेटमध्ये जातात. वेगवेगळ्या देशांतल्या 19 अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन बघितलं गेलंय, रोख मदतीने दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, कमी झालेला दिसतो. हे तुम्ही दिरांना पाठवा असं मी म्हणत नाही, वाद घालून कुणी बदलत नाही आणि तुमची ताकद तिथे घालवू नका. पण मिस्टरांना मात्र जरूर वाचून दाखवा.

त्यांना अजून एक सांगा. त्यांची पाठ दुखावली ती काम करताना. ते काम करत होते तेव्हा त्यांच्याही कष्टातून सरकारच्या तिजोरीत काही ना काही जातच होतं, आणि त्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी आजारपणाचे, म्हातारपणाचे पैसे गेले. आज त्यांची वेळ आलीये. 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला त्यात कलम 25 मध्ये स्पष्ट लिहिलंय की बेकारी, आजारपण, अपंगत्व, वैधव्य, म्हातारपण अशा आपल्या हातात नसलेल्या कारणांनी पोट भरणं शक्य नसेल तर सुरक्षितता मिळण्याचा माणसाला हक्क आहे. हक्क हा शब्द आहे तिथे. उपकार नाही, भीक तर नाहीच नाही.

बरं, मग धास्तीचं काय. इथे मी तुम्हाला उगीच धीर देणार नाही, कारण तुमची धास्ती खरी आहे. मदत देणारी व्यवस्था ज्या पद्धतीने माणसाला वागवते त्यानेही माणूस आजारी पडतो. इंग्लंडमध्ये 2010 ते 2013 या काळात आजारपणाचा भत्ता घेणाऱ्या दहा लाखांवर लोकांची फेरतपासणी झाली. नंतर संशोधकांनी भागाभागाप्रमाणे आकडे लावून बघितले, तर जिथे फेरतपासण्या जास्त झाल्या तिथे मानसिक त्रास जास्त वाढलेला, दर 10,000 फेरतपासण्यांमागे मानसिक त्रासाच्या सुमारे 2,700 जास्तीच्या तक्रारी आणि डिप्रेशनच्या औषधांच्या सुमारे 7,000 जास्तीच्या चिठ्ठ्या. तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. पाकीट बघून पोटात गोळा येतो, हात लावायची हिंमत होत नाही, त्याचं तुम्ही स्वतःला बोल लावताय ना की मी इतकी कशी भित्री, म्हणून सांगितलं. तिकडे लाखो लोकांचं तेच झालं.

आणि याच्या उलटं चित्रही आहे, ते मिस्टरांच्या त्या वाक्यासाठी मुद्दाम सांगते. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना रोख मदत द्यायला सुरुवात झाली तेव्हा ज्या भागांत ती पोचली तिथे आत्महत्यांचं प्रमाण साधारण 18 टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं. म्हणजे नियमित येणारे थोडेसे पैसे माणसाला शब्दशः जगवतात. तुमच्या घरात आत्ता जी परिस्थिती आहे त्यात हा आधार स्वतःच्या हाताने काढून घेऊ नका ही माझी कळकळीची विनंती आहे.

तर पाकीट. कुणाला तरी शेजारी बसवा, मैत्रीण, बहीण, कुणीही, आणि उघडा. एकटीने उघडायचं असं कुठे लिहिलेलं नाही. पहिल्यांदा फक्त तारीख शोधा, कधीपर्यंत उत्तर द्यायचंय किंवा कधी हजर राहायचंय, आणि ती भिंतीवर लिहून लावा. आठ दिवस गेलेत, बहुतेक अजून वेळ असेल. वेळ कमी पडतोय असं दिसलं तर आजच फोन करून मुदत वाढवून मागा, आणि कुणाशी बोललात, किती वाजता, काय म्हणाले ते वहीत टिपून ठेवा. बाकीचं पत्र उद्या वाचलंत तरी चालेल.

मग मिस्टरांच्या तब्येतीची रोजची नोंद सुरू करा, दोन आठवडे तरी. सकाळी उठायला किती वेळ लागला, किती मिनिटं बसता आलं, रात्री कितीदा जाग आली, कपडे घालताना मदत लागली का. हे का, तर आपल्याकडे कुणी कसं काय विचारलं की तोंडातून आपोआप "बरं आहे" निघतं, आणि तपासणारा तेच लिहून घेतो. माझ्या आईचं असं एकदा झालं होतं, साहेबांनी सहज विचारलं भागतंय ना, आई म्हणाली हो भागतंय, लाजेने म्हणाली, आणि पुढचे चार महिने पैसे अडकले. तर चांगल्या दिवसाबद्दल विचारलं तर चांगला दिवस सांगा, पण वाईट दिवस कसा असतो आणि आठवड्यात असे किती येतात हे न विचारता सांगा. वाढवून नको, लपवून तर मुळीच नको. मन खचलंय हेही सांगा, पाठीच्या फायलीत मनाचा कागद लावायला लोक विसरतात किंवा लाजतात, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो कागद मागून घ्या. तपासणीला त्यांच्याबरोबर तुम्ही जा, बोलताना ते गप्प झाले तर वही उघडा आणि वाचा. दिलेल्या प्रत्येक कागदाची कॉपी जवळ ठेवा. निकाल उलटा लागला तर तो शेवटचा नसतो, कारण लेखी मागायचं आणि मुदतीत अपील करायचं, आणि तुम्ही एकट्या पडत असाल तर असल्या अर्जांना फुकट मदत करणाऱ्या संस्था किंवा कायदेशीर मदत केंद्रं शोधा, ती बऱ्याच ठिकाणी असतात. या लोकांचं रोजचं काम हेच आहे, तुमचं पत्र बघून त्यांना ना धक्का बसतो ना दया येते, आणि ते फार बरं वाटतं.

आणि तो घडी घातलेला कागद.

ताई, तुमच्या मुलाने खोटं सांगितलं ते तुम्हाला वाचवायला. मुलांना सगळं कळतं, पाकिटं कळतात, कुजबुज कळते, काकांचं बोलणंही त्याने ऐकलंय असं समजूनच चाला. बारा वर्षांच्या मुलाने घरातली कडकी ओळखून स्वतःची इच्छा आधीच दाबून टाकली, आणि आपण समजूतदार म्हणून त्याचं कौतुक करतो, पण अशी मुलं पुढे मोठी होऊनसुद्धा काही मागू शकत नाहीत, मी त्यातलीच एक आहे म्हणून सांगते. त्याला जवळ घ्या आणि खरं तेवढं सांगा. बाबांची पाठ दुखते म्हणून सरकारकडून पैसे येतात, ते आपल्या हक्काचे आहेत, जपून वापरावे लागतात, काही वेळा नाही म्हणावं लागेल, पण मागायचं मात्र तू बंद करायचं नाहीस, नाही म्हणायचं काम आमचं आहे. सहलीचं खरोखर जमत नसेल तर त्याच्या वर्गशिक्षकांशी एकदा एकांतात बोला, पुष्कळ शाळांत अशा मुलांसाठी काहीतरी सोय असते आणि ती कुणी विचारत नाही म्हणून पडून राहते. तुम्ही विचारलंत तर त्यात तुमचं नाक खाली जात नाही.

तुम्ही लिहिलंय की गरीब असणं हा आमचाच काहीतरी दोष असेल. अमेरिकेत 2021 मध्ये सहा महिने मुलं असलेल्या जवळपास सगळ्या घरांना दर महिन्याला एका मुलामागे 250 ते 300 डॉलरपर्यंत थेट अकाउंटला दिले, मुलांसाठीच्या करसवलतीचा भाग म्हणून, उरलेली रक्कम पुढे मिळाली. त्या वर्षी तिथल्या गरीब मुलांचं प्रमाण एका सरकारी मोजणीप्रमाणे 5.2 टक्के होतं. ती वाढीव मदत बंद झाली आणि पुढच्याच वर्षी ते 12.4 टक्क्यांवर गेलं. आता मला सांगा, एका वर्षात तिथले लाखो आईबाप अचानक आळशी झाले असतील का? पोरं तीच, घरं तीच, सरकारने हात काढून घेतला इतकंच.

मिस्टरांसाठी शेवटचं. काम गेलं की पैशाबरोबर दिवसाचा आकारही जातो, सकाळी उठायचं कशासाठी हेच उरत नाही. त्यांना मोठं काही करायला सांगू नका, "काहीतरी करा ना" हे तर नकोच, ते दिरांच्या बोलण्यासारखंच ऐकू येतं. पण ती तब्येतीची वही त्यांनाच लिहायला द्या, कागदांची फाइल त्यांच्याकडे द्या, धाकटीचा अभ्यास बसून होतो तेवढा त्यांनी घ्यावा. घराला आपण लागतो हे त्यांना कळायला हवं, आणि ते तुम्ही तोंडाने सांगण्यापेक्षा सातला पाच कमी असताना धाकटी वही घेऊन त्यांच्यापाशी जाऊन बसली की लवकर कळेल.

पाकिटात काय निघालं ते मला दोन ओळी लिहून कळवा. आणि आज रात्री मिस्टरांना विचारलंत का, तेही.